युक्त्या पुरे, आता दर बांधा

परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसाला आपण दिल्लीकर तीन प्रश्न विचारतो. थंडी कितपत होती, जेवणाचे कसे जमले, आणि फोनचे काय केले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माणसागणिक निराळी मिळतात. तिसऱ्याच्या उत्तराचा थाट मात्र ठरलेला असतो. तो मनुष्य आवाज थोडा खाली आणतो आणि एखादा ठेवा उघडून दाखवावा तशी आपली युक्ती सांगतो. कोणी विमानात बसताच भारतीय सिमकार्ड बंद केलेले असते, कोणी तिकडचे कार्ड विकत घेतलेले असते, कोणी पंधरा दिवस फक्त हॉटेलच्या वाय-फायवर काढलेले असतात. ऐकणारे माना डोलावतात, दोन युक्त्या आपल्याही पदरच्या घालतात, आणि पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातील कार्यक्रम असो वा सरोजिनीनगरातील हळदीकुंकू असो, अर्धा तास अगदी सत्कारणी लागल्याचे समाधान घेऊन मंडळी घरोघर जातात.

या समाधानाविरुद्ध मला आज लिहावयाचे आहे. युक्त्या खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतील बहुतेक खऱ्या आहेत आणि त्यांनी पैसेही वाचतात. परंतु ज्या सेवेचा वाजवी दर नियमाने बांधून मिळावयास हवा, त्या सेवेचा गैरवाजवी दर चुकविण्याच्या कसरतीलाच आपण काटकसर म्हणू लागलो आहो, आणि या कौतुकात तो दर तसा का, हा प्रश्न विचारावयाचे आपण विसरलो आहो. काटकसर हा गुण खराच. पण अन्याय्य आकारणीपुढे तो गुण निमूटपणाचे दुसरे नाव होऊन बसतो.

प्रथम हा आकार कसा लागतो ते पाहू. समजा, आपण कचेरीच्या प्रशिक्षणासाठी जिनिव्हास गेलो आहो आणि नागपूरहून आईने आपल्या भारतीय क्रमांकावर फोन केला. तिचा कॉल आधी आपल्या भारतीय कंपनीच्या जाळ्यात येतो. आपण कोठे आहो याची नोंद त्या कंपनीपाशी असते, कारण जिनिव्हाच्या विमानतळावर फोन सुरू होताच तेथील जाळ्याने ती कळविलेली असते. मग तो कॉल समुद्रापार धाडला जातो. आईने फिरविलेला क्रमांक भारतातला, म्हणून तिला आकार भारतातला. पुढील प्रवासाचा खर्च, परक्या जाळ्याचे भाडे आणि आपल्या कंपनीचा नफा हे सारे फोन घेणाऱ्याच्या खात्यावर चढते. म्हणजे परमुलखात आईचा आवाज ऐकण्याचे पैसे मुलाने द्यावयाचे, आणि ते किती होतील याचा अंदाज ‘कशी आहेस?’ विचारताना त्याला नसावयाचा.

या व्यवहारात दर दोन असतात. परकी कंपनी आपल्या कंपनीकडून घेते तो घाऊक दर. आपली कंपनी आपल्याकडून घेते तो किरकोळ दर. या दोहोंमध्ये अंतर किती, हे आपल्या बिलावरून कळत नाही. त्यात फोन हा आता केवळ बोलण्याचा राहिलेला नाही. तो खिशात असतानाही आपले टपाल आणतो, छायाचित्रे पाठवतो, स्वतःची दुरुस्ती करून घेतो, आणि डेटाचे रोमिंग चालू असेल तर या न सांगितलेल्या सेवेचाही हिशेब ठेवला जातो. विमानात किंवा सहलीच्या जहाजावर तर तो उपग्रहामार्फत चालणारे निराळेच जाळे पकडतो, आणि ज्या देशासाठी पॅक घेतले ते पॅक तेथे सहसा लागू पडत नाही.

हे सारे समजून घेऊन, फोनमधील योग्य त्या खुणा चालू-बंद करून, निघण्यापूर्वी चार पॅकांची तुलना करून जो जातो त्याचे पैसे वाचतात, हे मान्य. पण तो कोण? तो मी, तो आपण. नियमावल्या वाचण्यातच ज्यांचे दिवस जातात असे लोक. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीस निघालेल्या साताऱ्याच्या आजी तो नव्हेत. रत्नागिरी-रायगडातून आखातात मजुरीस गेलेला तरुण बहुधा तो नव्हे. पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी ज्याच्या बापाने कर्ज काढले आहे तो विद्यार्थीही, पहिल्या आठवड्याच्या गोंधळात, तो नव्हे. ज्याला माहिती आहे त्याला स्वस्त आणि ज्याला नाही त्याला महाग, अशी ही रचना आहे. अज्ञानावर बसविलेल्या या पट्टीला बाजारभाव म्हणणे म्हणजे बाजाराचीही बदनामी करणे होय.

शिवाय प्रत्येक युक्तीची स्वतःची एक किंमत असते. ती दुसराच कोणी भरतो म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाही. सिमकार्ड काढून ठेवले की बँकेचा ओटीपी येत नाही आणि स्वतःच्याच खात्यातील पैसे स्वतःला परके होतात. फोन बंद ठेवला की घरच्यांना आपण सापडत नाही. आमच्या कचेरीतील एका अधिकाऱ्यांनी दोन आठवड्यांच्या परदेशी प्रशिक्षणात भारतीय क्रमांक एकदाही चालू केला नव्हता. परतल्यावर त्यांनी ते अभिमानाने सांगितले आणि आम्ही सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले. त्या दोन आठवड्यांत गावी असलेल्या वडिलांच्या छातीत दुखले असते तर निरोप कोणत्या वाटेने पोचला असता, हे कोणीही विचारले नाही. वाय-फायवरून बोलणे फुकट खरे. पण त्यासाठी पलीकडच्या माणसाजवळही तसा फोन हवा, गावात डेटा नीट यावयास हवा, आणि हॉटेलात आपण पोचण्याच्या वेळी तिकडे म्हातारा माणूस जागा हवा. आपली बचत अनेकदा घरच्यांच्या ताटकळण्यातून होते.

कोणी म्हणेल, परदेशाचा मामला आहे, दर जास्त असावयाचेच. वस्तुतः दूरवर नोकरीस गेलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे म्हणणे शोभत नाही. कारण अंतराचा दंड म्हणजे काय हे आपण स्वदेशातच भोगले आहे, आणि तो दंड कसा गेला हेही पाहिले आहे.

दिल्लीतील आपल्या आधीच्या पिढीने ट्रंककॉल लावले. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे भाव असत आणि तीन मिनिटे संपत आली की घड्याळाकडे पाहत बोलावे लागे. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये देशातील पहिली एस.टी.डी. सेवा १९६० साली सुरू झाली. पण ती घराघरांत नव्हे, तर चौकाचौकातल्या बूथपर्यंत यावयास पुढे पाव शतक लागले. रात्री अकरानंतर पाव दर लागे म्हणून थंडीत मफलर गुंडाळून करोलबागेत वा रामकृष्णपुरमात बूथबाहेर रांगेत उभी राहिलेली मराठी कुटुंबे माझ्या वयाच्या वाचकांनी बालपणी पाहिली असतील. ती रांग ही त्या काळची युक्ती होती. तिने लोकांचे पैसे वाचले, परंतु दिवसाचा दर तिने पैशानेही उतरविला नाही. दर उतरले ते धोरण बदलले तेव्हा. मार्च २००६ मध्ये सरकारी दूरध्वनी कंपन्यांनी देशात कोठेही मिनिटाला एक रुपया हा दर आणला आणि अंतराचा बागुलबुवा एका परिपत्रकाने नाहीसा झाला.

मोबाइलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २००३ पूर्वी आपल्याच गावात, आपल्याच फोनवर आलेला कॉल घेण्यासही पैसे पडत. तेव्हाही युक्ती होतीच: दोनदा घंटा वाजली की समजावे, उचलू नये. त्या वर्षी कॉल करणाराच पैसे देईल अशी व्यवस्था आली, आणि येणारा कॉल फुकट झाला. मिस्ड कॉलच्या कलेतील आपले नैपुण्य त्याआधीही होते आणि नंतरही राहिले. पण येणाऱ्या कॉलावरील आकार त्या नैपुण्याने गेला नाही.

तरीही परिमंडळाबाहेर गेले की रोमिंग लागतच असे. महाराष्ट्राचा क्रमांक दिल्लीत वापरणे म्हणजे आलेल्या प्रत्येक कॉलाचे पैसे भरणे. म्हणून आपण दोन कार्डे बाळगीत असू. झेलम एक्स्प्रेसने सुटीवर निघालेला दिल्लीकर मराठी नोकरदार भुसावळ आले की नखाने फोनचे मागचे झाकण उघडून कार्ड बदली आणि परतताना तेच उलट करी. या युक्तीचाही आपल्याला अभिमान होता. पण पुढे काय झाले? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला आपण ट्राय म्हणतो त्याने, रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलाचा कमाल दर २००७ साली मिनिटाला १ रुपया ७५ पैसे ठरविला. २०१३ साली तो ७५ पैशांवर आणला. मे २०१५ पासून ४५ पैशांवर आणला. त्याच वर्षी जूनमध्ये भारत संचार निगमने येणारे कॉल फुकट केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि थोड्याच काळात इतर मोठ्या कंपन्यांनीही देशांतर्गत रोमिंगचा आकार सोडून दिला. स्पर्धेने शेवटचा धक्का दिला हे खरे. पण आठ वर्षे पायरीपायरीने भिंत खाली आणली ती नियमाने. भुसावळला कार्ड बदलणारे हात त्या कामी आले नाहीत.

देशांतर्गत रोमिंगला कमाल दराची मर्यादा आहे. परदेशातील रोमिंगच्या दरात मात्र हस्तक्षेप न करण्याचे ट्रायचे धोरण आहे. कंपनी ठरवील तो दर. मग हे दर बांधता येतच नाहीत की काय? युरोपीय संघाने ते बांधून दाखविले आहेत. २००७ साली तेथे संघातील देशांपुरता केलेल्या कॉलाला मिनिटाला ४९ सेंट आणि घेतलेल्या कॉलाला २४ सेंट असा करविरहित कमाल दर घातला गेला. तो दर वर्षी उतरत गेला, आणि १५ जून २०१७ पासून स्वदेशात जो दर तोच सबंध संघात, असा नियम झाला. त्याला वाजवी वापराची अट आहे, पण दंड नाही. २०२२ साली हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आला. कंपन्यांमधील घाऊक दरही त्यांनी मोकळा सोडला नाही. एका जीबी डेटाला २०२२ साली दोन युरोंची मर्यादा होती, आणि ती वर्षावर्षाला उतरवून २०२७ मध्ये एक युरोवर आणण्याचे तेव्हाच ठरविले गेले. या आकारामागील खर्च प्रत्यक्षात किती असू शकतो याची यावरून कल्पना यावी.

नियम नसला तर काय होते, याचा पुरावाही त्याच भूमीत आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून हा नियम तेथील कंपन्यांवर बंधनकारक राहिला नाही. आमचा आकार लावण्याचा विचार नाही, असे प्रारंभी सांगितले जात होते. दोन वर्षे उलटण्याच्या आत अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युरोपातील रोमिंगसाठी पुन्हा दैनिक आकार लावला. मनोरे तेच, तारा त्याच, ग्राहक तेच. गेला होता फक्त नियम. स्पर्धा सर्व काही करील असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

यावर तीन आक्षेप येतील. त्यांना टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला असा की, युरोप हा एक संघ आहे, भारताला परक्या कंपनीवर हुकूम चालविता येणार नाही. हे अर्धे खरे आहे. परक्या कंपनीचा घाऊक दर आपल्या हाती नाही. आपल्या कंपनीने त्यावर चढविलेला भाग मात्र पूर्णपणे आपल्या कायद्याच्या कक्षेत आहे. आणि घाऊक दरासाठी संघच हवा असेही नाही. सिंगापूर आणि मलेशिया एका संघात नाहीत, तरी त्यांच्या नियामकांनी २०११ साली आपसांत बोलून रोमिंगचे दर उतरविले. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनीही परस्परांत कमाल दर घातले आहेत. ज्या आखातात आपले लक्षावधी लोक राबतात, त्या देशांशी या विषयावर बोलणे आपल्याला अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप, पॅक उपलब्ध आहेत, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, जो पॅक घेतो त्याला एक भाव आणि जो घ्यावयास विसरतो त्याला दुसरा, आणि या दोन भावांत तारतम्य राहिलेले नाही. आगाऊ तिकीट काढणाऱ्याला सवलत देणे निराळे. ज्याला खिडकी सापडली नाही त्याला लुबाडणे निराळे. सूचनेचा संदेश पाठवितो, असेही सांगितले जाते. सूचना अवश्य पाठवावी. पण विहिरीवर ‘खोल आहे’ अशी पाटी लावली म्हणून कठड्याचे काम भागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत लबाड आहे. परदेशी जातात ते पैसेवाले, त्यांची कसली काळजी? ज्यांना हे वाटते त्यांनी एकदा दिल्ली विमानतळावर रात्री आखाताकडे जाणाऱ्या विमानांच्या रांगेत उभे राहून पाहावे. पैसेवाल्याला या दरांची झळ लागतच नाही. ज्याचे बिल कचेरी भरते त्याला हा प्रश्न आहे हेच माहीत नसते. दुर्दैव असे की, धोरण ठरविण्याच्या बैठकीत बहुधा असेच लोक बसलेले असतात.

मग मागावयाचे काय? माझ्या मते चार गोष्टी. पॅक नसताना लागणाऱ्या परदेशी दरांना कमाल मर्यादा घालावी आणि २००७, २०१३, २०१५ या पायऱ्यांनी देशांतर्गत दर उतरविले तसे तेही ठराविक मुदतीत उतरवावेत. त्या देशासाठी कंपनीचे जे एक दिवसाचे पॅक असेल, त्याच्या किमतीपेक्षा अधिक आकार पॅक न घेतलेल्याकडूनही एका दिवसात घेता येऊ नये. मग विसरभोळ्याची चूक एका दिवसाच्या पॅकापुरतीच महाग पडेल. परक्या कंपनीस किती दिले आणि आपण किती ठेवले, हे देशवार प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर, नेपाळ अशा देशांपासून आरंभ करून नियामकांनी परस्पर बोलणी करावीत. यात क्रांतिकारक असे काहीही नाही. चांगली टिपणी लिहिणारा कोणताही विभाग-अधिकारी एका दुपारी हा मसुदा तयार करील.

येथे सुज्ञ वाचक मला १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नवव्या नियमाची आठवण देतील. सरकारी नोकराने सरकारी धोरणावर जाहीर टीका करू नये, हे मला ठाऊक आहे. त्या नियमाची प्रत माझ्या खणात आहे. परंतु ट्राय हे धोरण ठरविण्यापूर्वी चर्चापत्र काढते आणि सर्वांकडून मते मागविते. परदेशातील रोमिंगवर त्याने २०२० साली असेच चर्चापत्र काढले होते. विचारलेल्या प्रश्नाला ग्राहक या नात्याने उत्तर देणे ही टीका नव्हे, तो सहभाग होय. परदेशवारीच्या युक्त्या एकमेकांना कानात सांगणाऱ्या आपल्या हजारो मंडळींपैकी किती जणांनी त्या चर्चापत्राला उत्तर पाठविले? ट्रायची कचेरी आज नौरोजीनगरात आहे. जेथे पूर्वी आपल्यासारख्या सरकारी नोकरांच्या वसाहतीची घरे होती, तेथे ती घरे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत ती आहे. सरोजिनीनगरातून चालत जाता येईल इतके ते अंतर आहे. आपण ते चाललो नाही.

ही उदासीनता आपल्या परंपरेला तरी धरून नाही. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबाने मीठ कमी कसे खावे, याच्या युक्त्या गोखल्यांनी सांगितल्या नाहीत. सरकारच्याच आकड्यांनी त्यांनी दाखवून दिले की तिजोरीत शिल्लक असताना हा कर चालू ठेवणे अन्यायाचे आहे, आणि तो कमी करा अशी मागणी केली. पुढील वर्षी तो कर दोन रुपयांवर आला आणि १९०५ साली दीड रुपयावर. आकडे मांडावे, दर मागावा, आणि पुन्हा मांडावे, ही आपल्याकडील रीत होती. कारकुनी पेशाच्या माणसाला यापेक्षा सोयीचे शस्त्र दुसरे कोणते?

तोवर युक्त्या सोडा असे मी म्हणत नाही. ज्याला उद्याच विमान गाठावयाचे आहे त्याने भारतीय कार्ड फोनात राहू द्यावे, त्यावरील डेटाचे रोमिंग बंद करावे, डेटासाठी तेथील कार्ड किंवा ई-सिम दुसऱ्या जागी घ्यावे, निघण्यापूर्वी लहानसे पॅक भरावे, आणि वडीलधाऱ्यांना इंटरनेटवरून बोलण्याची पद्धत शेजारी बसून शिकवून जावी. म्हणजे पैसेही वाचतील आणि घरच्यांना आपण सापडूही. पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे हे विसरू नये. यापुढे कोणी परदेशाहून येऊन आपली युक्ती सांगू लागला, तर ती जरूर ऐकावी आणि ऐकून झाल्यावर त्याला एवढेच विचारावे: आपण हे ट्रायला लिहून कळविले काय? नसल्यास कागद पुढे करावा. अर्ज लिहिणे, तो योग्य वाटेने पाठविणे आणि उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रे धाडीत राहणे, या कामी आपल्याइतका अनुभव देशात दुसऱ्या कोणाला आहे असे मला वाटत नाही.